भुसावळच्या ताईला, हॅमस्टरच्या पिंजऱ्याबद्दल

हॅम्बर्ग, 20 मार्च

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पोराने उंदरासारखा तो हॅमस्टर आणलाय आणि तू त्याचा पिंजरा रोज रिकामा करून फिनाइलने धुतेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. फिनाइल आजच बंद कर. त्याची वाफ एवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही. आणि आंघोळ कधीच घालू नकोस. अंग ओलं झालं की तो गारठून आजारी पडतो.

रोज सगळं धुतल्याने वास उलट वाढतो. सीरियन जातीच्या हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात. अंग घासून तो घराला आपला वास लावतो. तो वास धुतला गेला की हॅमस्टर बिथरतो आणि पुन्हा जोराने खुणा करत सुटतो. म्हणून रोज फक्त मुताचा कोपरा चमच्याने काढ, तो बहुधा एकच ठरलेला असतो. काकडी-गाजराचा उरलेला तुकडाही उचल. साठवलेले कोरडे दाणे मात्र राहू दे. 3-4 आठवड्यांनी एक तृतीयांश अंथरूण बदल आणि कोरडं जुनं नव्यात मिसळ.

अंथरूण 20-25 सेंमी खोल हवं, कारण हा बीळ करून दिवसभर आत झोपणारा प्राणी. बिनवासाचा, न छापलेला टिश्यू पेपर फाडून घाल. वखारीतला भुसा नको: धूळ असते आणि लाकूड कुठलं ते कळत नाही. आणि घरात गोणीभर असला तरी कापूस तर मुळीच नको! मऊ घरटं होईल असं वाटतं, पण त्याचा धागा पायाला गुंडाळला की रक्त थांबून पाय सुजतो, काळा पडतो. गिळला तर आतडं तुंबतं.

पिंजरा निदान 100 बाय 50 सेंमी, आणि त्यात एकच हॅमस्टर. दोन ठेवलेस तर जिवावर उठतील. चाक 28 सेंमीचं, सलग पृष्ठभागाचं. धावताना पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे. त्यावर मुताचा पांढरा थर बसला की व्हिनेगर आणि पाणी समसमान लाव, पंधरा मिनिटांनी धुऊन पूर्ण वाळव.

अंग साफ करायला त्याला रेती लागते. बारीक रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धू, कढईत भाज, गार झाल्यावर डब्यात 3-4 सेंमी भर. पावडरीसारखी धूळ नको, छातीत जाते.

बाटलीचं पाणी रोज बदल आणि बोटाने नळीच्या टोकाची गोळी दाबून थेंब येतो का बघ. बाटली भरलेली दिसते, पण गोळी अडकली की प्राणी तहानलेला राहतो.

आता उन्हाळा. भुसावळला पारा 45 च्या घरात जातो, आणि याला 30 च्या वर त्रास सुरू होतो. पिंजरा पत्र्याखाली किंवा खिडकीपाशी नको, घरातल्या सर्वांत गार खोलीत जमिनीवर ठेव. कूलरचा झोत थेट अंगावर नको. आत शहाबादी फरशीचा तुकडा आणि आडवं मडकं ठेव, तो तिथे जाऊन पसरेल. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकव. तो पसरून धापा टाकू लागला तर सावलीत ने, साध्या पाण्याने ओला केलेला रुमाल अंगाखाली दे. बर्फाचं पाणी नको. शेपटीचा भाग ओला, घाण दिसला तर उद्यावर टाकू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. ‘वेट टेल’ नावाच्या त्या आजारात तो दोन दिवसांतही जातो.

हाताळण्याआधी आणि नंतर पोराला साबणाने हात धुवायला लाव.

तुझा,
धाकटा भाऊ