सोबत चालते, प्रेम चालत नाही

संपादक महोदय,

ज्येष्ठांच्या पुनर्विवाहाबद्दल आपल्या पत्रस्तंभात आलेली पत्रं मी रोज वाचते आहे. बहुतेकांचा सूर समजूतदार आहे. मुलं परगावी असतात, रात्री-बेरात्री दुखलंखुपलं तर घरात कुणी हवं, दोन शब्द बोलायला माणूस हवं, वगैरे. एका गृहस्थांनी मात्र शेवटी लिहिलंच, की या वयात सोबत समजू शकतो, प्रेमबीम नव्हे. मला त्या प्रेमबीमबद्दलच लिहायचं आहे. मी अडुसष्ट वर्षांची आहे, पती २०१९ साली गेले, आणि आता ज्यांच्याशी लग्न करणार आहे त्यांच्यावर माझा जीव जडला तेव्हा मी कॉलेजात होते.

१९७५-७६च्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या धनवटे रंगमंदिरात आमची एकांकिका होती. माझं काम मोलकरणीचं, चार वाक्यांचं. हे दुसऱ्या कॉलेजचे, लाइट सांभाळायला आले होते. मग तालमी संपल्यावर सायकल हातात धरून बर्डीवरून धरमपेठेपर्यंत मला चालत सोडायला येत. सायकलवर बसायची हिंमत मला नव्हती आणि 'बस' म्हणायची त्यांना. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, जात वेगळी होती. माझ्या वडिलांच्या कानावर गेलं आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. कुणी विष घेतलं नाही, कुणी पळून गेलं नाही. आमच्यासारख्या घरांत तेव्हा असंच व्हायचं.

आणि पुढे माझा संसार चांगला झाला. हे ठासून लिहिते, कारण सगळं घोडं इथेच अडलं आहे. नणंदेला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वहिनी, एवढी वर्षं दादाच्या घरात राहून तुझं मन भलतीकडेच होतं का?" तिच्या दादाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सगळं सांगितलं होतं. "कोण, तो लाइटवाला?" म्हणून ते हसले होते, आणि पुढे घरात वीज गेली की मला चिडवायचे, "बोलाव तुझ्या माणसाला." नागपूर असं केवढं आहे? गोकुळपेठच्या बाजारात तो लाइटवाला आणि त्याची पत्नी एकदोनदा समोर आले, आम्ही चौघं उभ्याउभ्या बोललो आणि आपापल्या भाजीच्या पिशव्या घेऊन घरी गेलो. आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या अंथरुणाशी मी होते. त्या रात्रींमध्ये मला दुसरं कुणी आठवलं असेल, असं ज्याला वाटतं त्याने कुणा आजाऱ्याचं केलेलं नसावं.

गंमत बघा. मी वधूवर मेळाव्यात जाऊन एखाद्या अनोळखी विधुराला पसंत केलं असतं, तर याच नणंदेने पेढे वाटले असते. माझा मुलगा बंगळुरूला असतो, शिकलेला, समजूतदार. तो म्हणाला, "आई, तू कर लग्न, माझं काही म्हणणं नाही. फक्त ते कॉलेजचं कुणाला सांगू नको. ज्येष्ठ नागरिक मंडळात ओळख झाली म्हण." म्हणजे परका माणूस चालतो, ओळखीचा चालत नाही. गरजेपोटी केलेलं लग्न शोभतं, मनापासून केलेलं शोभत नाही. मुलाचं मी सगळं ऐकते, पण एवढं ऐकणार नाही, म्हणून हे पत्र.

आमची पुन्हा भेट झाली ती २०२१च्या नोव्हेंबरमध्ये, बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. माझ्या बोटांचे ठसे मशीन घेतच नव्हतं. जन्मभर भांडी घासली की बोटांवरच्या रेघा उरत नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "बोट जरा ओलं करून पाहा ना मॅडम, मग घेते ते." तोंडावर मास्क होता. मी ओळखलं, त्यांनी नाही. मी माहेरचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कोरोनात गेली होती. त्या दिवशी आम्ही बोललो ते तिच्याबद्दल आणि आमच्या ह्यांच्याबद्दलच.

पुढे कधीतरी फोन, कधी अंबाझरी तलावावर फेरी, एवढंच होतं. मग २३ सप्टेंबर २०२३ची पहाट आली. अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन आमच्या भागात पाणी शिरलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. मी वरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली. उजाडल्यावर खाली आले तर फ्रीज आडवा, दिवाणाच्या पेटीत गाळ, धान्याचे डबे स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत वाहत गेलेले. मुलाला विमान मिळेना. हे आठच्या सुमाराला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले, हातात खराटा आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन. आधी त्यांनी भिंतीवरचा आमच्या ह्यांचा फोटो उतरवला, फ्रेमच्या मागचा पुठ्ठा सोडवला, फोटो टॉवेलवर पालथा घातला आणि विचारलं, "भाऊंना कुठे ठेवू? वर माळ्यावर कोरडं आहे का?" मग खराटा घेतला. तो फोटो आज जागेवर आहे, एका कोपऱ्यात डाग पडलाय. लग्नानंतरही तो तिथेच राहील आणि शेजारी त्यांच्या पत्नीचा लागेल.

तर प्रेमाचं. त्यांना आता कमी ऐकू येतं, कानातलं यंत्र ते घरी विसरतात आणि मी रस्त्यावर ओरडून बोलते. रेडिओ एवढा मोठा लावतात की भांडण होतं. तरीही ते येणार असले की मी दोनदा साडी बदलते. सोबतीसाठी कुणी साडी बदलत नाही.

आता व्यवहाराचं. मी एका खाजगी बालवाडीत शिकवलं, त्याला पेन्शन नाही. पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांची फॅमिली पेन्शन हेच माझं उत्पन्न. पुनर्विवाह केला की ती बंद. हयातीच्या दाखल्यात तो प्रश्नच असतो, आणि काउंटरवरची मुलगी माझं तोंड बघून न विचारताच 'नाही' करते. यांचं मात्र रेल्वेचं पेन्शन लग्नानंतरही जसंच्या तसं राहणार. निवृत्तीनंतर केलेल्या बायकोचंही नाव फॅमिली पेन्शनला लावता येतं, म्हणजे ते गेल्यावर मला पुन्हा मिळेल. ते असेपर्यंत पाच रुपयांच्या सांबारालाही, म्हणजे कोथिंबिरीलाही, मी त्यांच्यापुढे हात पसरायचा! मूल नसलेल्या विधवेला, तिचं बाकीचं उत्पन्न मर्यादेत असेल तर, पुनर्विवाहानंतरही ही पेन्शन चालू राहते. मग ज्यांची मुलं चाळिशीला आली त्यांनी काय गुन्हा केला? माझ्या ओळखीतल्या एक बाई केवळ याच कारणाने लग्न न करता एकांसोबत राहतात, आणि शेजारपाजार त्यांना नावं ठेवतो. २०२२ साली हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू-बांगड्या काढायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला, चांगलंच झालं. पेन्शनच्या या नियमाबद्दलही आपल्या खासदारांनी तोंड उघडावं. साठीच्या पुढच्या सगळ्याच विधवांना ती सवलत द्यावी, एवढीच मागणी आहे.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतो आहोत. नोटीस दिली आहे, तीस दिवस ती कचेरीत लागलेली असेल. हरकतीची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नात्यातलं असणं, मन ठिकाणावर नसणं. नणंदबाई शेवटच्या कारणाचा विचार करत असतील तर नवल नाही. ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांनी ती तिथे लेखी द्यावी, माझ्या मुलाला फोन करू नये. तो ऑफिसात असतो.

– एक वाचक, अंबाझरी ले-आउट, नागपूर
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)