तिसऱ्या क्रमांकाचा घोळ

महोदय,

युरो फुटबॉल स्पर्धेत २४ संघ, चौघांचे ६ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन धरून १२ संघ होतात, बाद फेरीला मात्र १६ लागतात. म्हणून सहापैकी चार ‘तिसऱ्यां’ना वर घेतात, आणि खरी गडबड इथेच होते.

१९८२च्या विश्वचषकात अल्जीरियाचा गटातला शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. जर्मनी १-० ने जिंकल्यास दोघांचेही भागते, हे त्याच गटातल्या पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला मैदानात उतरण्याआधीच ठाऊक होते. निकालही तोच लागला आणि अल्जीरिया बाहेर गेला. तेव्हापासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी होतात. पण हा उपाय एका गटापुरताच. २०१६च्या युरोत ‘अ’ गट १९ जूनला संपला. ३ गुण, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) उणे २ अशा स्थितीत अल्बेनिया २२ जूनपर्यंत इतरांच्या निकालांकडे डोळे लावून बसला आणि बाद झाला. त्या दिवशी खेळलेला पोर्तुगाल तीन बरोबऱ्यांवर, तितक्याच ३ गुणांनी, पण शून्य गोलफरकामुळे पुढे गेला. (पुढे करंडकही त्यांनीच नेला, ते असो.) उशिरा खेळणाऱ्याला किती गोल पुरतील हे कळते, आधी खेळणाऱ्याला नाही.

कार्डांचेही तसेच. २०१८च्या विश्वचषकात गुण, गोल, आपसातला सामना, सगळे समसमान असताना जपान ४ पिवळ्या कार्डांवर तरला, सेनेगल ६ कार्डांमुळे घरी गेला. तेव्हा आपल्या गुणतक्त्यात गोलफरकाशेजारी कार्डांचा रकानाही छापावा: पिवळे उणे १, दुसऱ्या पिवळ्यामुळे लाल उणे ३, थेट लाल उणे ४.

– एक वाचक