काका, आमचं छप्पर तुम्ही आतून दुरुस्त केलंत

तीर्थस्वरूप काका यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र रस्ता ओलांडून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय चहावर नेला असता. शिवाय इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसच्या आसपास दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं आपलं पहिलं घर घेतात आणि प्रत्येकाच्या समोरच्या घरात तुमच्यासारखा माणूस राहत नाही. म्हणून आभार चारचौघांत मानते आहे, आणि तुम्ही आम्हाला जे शिकवलंत तेही सोबत लिहिते आहे.

२०२२-२३ चा हिवाळा या शहरात कुणी विसरणार नाही. एरवी मोसमात पन्नास इंचांच्या थोडा वर बर्फ पडतो, त्या वर्षी सुमारे ९० इंच पडला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला तर ओला आणि जड होता. त्यानंतर मुलांच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीलगत सीलिंगवर पिवळट डाग उमटला आणि थेंब पडायला लागले. छपराचं काम करणाऱ्या ज्या माणसाला आम्ही बोलावलं त्याने उभ्या उभ्या सांगितलं, शिंगल्स, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेले पातळ तुकडे, संपल्या, सगळं छप्पर बदला. घर नुकतंच घेतलेलं. तो आकडा ऐकून आम्ही दोघं रात्रभर हिशेब करत बसलो होतो.

तुम्ही आलात ते घरात शिरलाच नाहीत. आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलात. वळचणीला लोंबणारे बर्फाचे हातभर सुळके आम्ही दाखवत होतो आणि तुमची नजर आढ्याकडे होती. मग आम्हाला शेजारची घरं बघायला लावलीत. त्यांच्या छपरांवर बर्फ एकसारखा होता. आमच्या छपराचा वरचा भाग जागोजागी उघडा पडला होता. "पाणी वरून आलंय, पण कारण खाली आहे. तुमची ऊब छपरातून बाहेर चालली आहे," असं तुम्ही म्हणालात. आमच्या घराचा पुढचा सगळा इतिहास त्या वाक्याने बदलला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. घरातली गरम हवा बारीकसारीक फटींतून माळ्यावर जाते. छपराच्या फळ्या आतून तापतात आणि वरचा बर्फ खालच्या अंगाने वितळायला लागतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचणीच्या खाली मात्र ऊबदार खोली नसते, तिथे बाहेरइतकीच थंडी असते. तिथे पाणी गोठतं आणि काठावर बर्फाचा बांध उभा राहतो. इथे त्याला आइस डॅम म्हणतात. मागून येणारं पाणी त्या बांधाशी तुंबतं. शिंगल्स वरून खाली वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी बसवलेल्या असतात, तुंबून उलटं वर सरकणारं पाणी त्या अडवू शकत नाहीत. नवंकोरं छप्पर घातलं असतं तरी तेच झालं असतं. आताच्या नियमांप्रमाणे नव्या छपराच्या काठाशी शिंगल्सखाली चिकट पडदा घालतात आणि तो बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंच न्यावा लागतो. त्याने गळती थांबते, बांध व्हायचा राहत नाही. हा फरक तुम्ही कागदावर छपराचा आडवा छेद काढून समजावलात. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

त्या दिवशी तुम्ही तुमचा रूफ रेक आणून दिलात. जोडत जोडत लांब करता येणारा ॲल्युमिनियमचा दांडा, टोकाला रुंद पातं, आणि पातं शिंगल्सना खरवडू नये म्हणून खाली छोटी चाकं. जमिनीवरच उभं राहायचं, वळचणीजवळचा तीन-चार फुटांचा पट्टा ओढून काढायचा, तळाशी इंचभर बर्फ राहू द्यायचा, आणि विजेची तार कुठून येते ते आधी पाहायचं. शिडी लावून कुऱ्हाडीने किंवा हातोड्याने बर्फ फोडायला तुम्ही सक्त मनाई केलीत. शिंगल थंडीत ठिसूळ होते, फुटतो तो बर्फ नव्हे, छप्पर. जिथे बांध झाला होता तिथे जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराईड भरून तो मोजा बांधावर उभा टाकायला लावलात, म्हणजे पाण्याला वाट होते. रस्त्यावर टाकतात ते मीठ वापरायचं नाही, त्याने पत्रे गंजतात आणि खालची झाडं मरतात. एवढ्याने काम भागलं नसतं तर वाफेने बर्फ काढणारे लोक बोलवायचे, हेही तुम्ही सांगून ठेवलं होतंत.

मला तेव्हा दुसरीच भीती होती. एवढा बर्फ साचला तर छप्परच खाली आलं तर? १२ डिसेंबर २०१० ला इथल्या मेट्रोडोम स्टेडियमचं छत १७ इंच बर्फानंतर फाटून कोसळलं, त्याची चित्रफीत मी पाहिली होती. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ते हवेच्या दाबावर फुगवलेलं कापडी छत होतं, आपले वासे तसे नाहीत. तरी वजन बर्फाच्या उंचीवरून ठरवू नका, त्यातल्या पाण्यावरून ठरवा, इंचभर पाणी म्हणजे दर चौरस फुटाला पाच पौंडांहून थोडं जास्त. दारं अचानक अडकायला लागली, सीलिंगला नवी चीर गेली, तर मात्र घरात थांबायचं नाही. त्या रात्री मला झोप लागली.

पण काका, मनापासून आभार मानायचे आहेत ते पुढच्या शरद ऋतूतल्या कामाबद्दल. गळती थांबली की माणसं विसरतात. तुम्ही विसरला नाहीत. राजापूरकडे पावसाआधी वैशाखात घर शाकारतात, फुटके नळे, म्हणजे कौलं, बदलून घेतात, तसं इथलं काम थंडीआधी व्हायला हवं, असं म्हणत तुम्ही टॉर्च आणि मास्क घेऊन दारात उभे राहिलात.

माळ्याचं झाकण उघडल्यावर आधी काही हलवू दिलं नाहीत. इन्सुलेशनमध्ये चकचकीत, खड्यांसारखं करडं-तपकिरी काही दिसतंय का ते तुम्हाला पाहायचं होतं. ते व्हर्मिक्युलाइट. मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या त्या मालात ॲस्बेस्टॉस असे, आणि तो माल ईशान्य मिनिॲपोलिसमधल्या कारखान्यात १९८९ पर्यंत भाजला जात असे. म्हणून इथल्या जुन्या घरांत ते सापडलं तर हात न लावता जाणकाराला बोलवायचं. आमच्याकडे साधं फायबरग्लास निघालं. त्यावर जागोजागी काळे डाग होते. मला वाटलं बुरशी. तुम्ही म्हणालात, हवा या वाटेने वर येते आणि तिच्यातली धूळ इथे गाळली जाते. डाग असेल तिथे खाली फट शोधा.

ती शोधायला तुम्ही काकूंच्या देवघरातली उदबत्ती आणली होतीत! माळ्याच्या झाकणाच्या कडेला, सीलिंगमधल्या दिव्यांभोवती, खिडक्यांच्या चौकटीशी ती धरली की धूर जिथे वळेल तिथे आम्ही पेन्सिलीने खूण करत गेलो. मुलांना तर तो दिवस सणासारखा वाटला. झाकणाला हवा अडवणारी पट्टी नव्हती. ड्रेनेजच्या उभ्या पाइपाभोवती हात जाईल एवढी पोकळी होती. धुराड्याभोवतीही होती, आणि तिथे फोम भरायचा नाही, पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच वापरायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर न जाता माळ्यावरच उघडत होता. आमच्या घरात रोज कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, थंडीत आतच वाळत घातलेले कपडे. ती सगळी वाफ वर जाऊन कडाक्याच्या थंडीत खिळ्यांच्या टोकांवर हिम होऊन बसायची आणि जरा ऊन पडलं की माळ्यात पाऊस पडायचा. आपल्या मराठी स्वयंपाकघरांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. शेगडीवरचा पंखा हवा खरंच घराबाहेर टाकतो की गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, ते एकदा तपासा.

फटी बुजवल्यावरच इन्सुलेशन, हा क्रम तुम्ही ठेकेदाराशी बोलतानाही सोडला नाहीत. त्याला थेट सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या किसाचं इन्सुलेशन, फवारून मोकळं व्हायचं होतं. मिनेसोटाचा नियम आर-४९ चा (आर हे उष्णता अडवण्याचं माप), म्हणजे सेल्युलोज साधारण १४ इंच. ते टाकताना वळचणीकडून आढ्याकडे जाणारा हवेचा मार्ग बंद होऊ नये म्हणून प्रत्येक वाशांच्या जोडीत आडोसे बसवून घेतलेत. आणि काम संपल्यावर घर घट्ट झालं म्हणून गॅसच्या गीझरचा धूर धुराड्यातूनच वर जातो ना, उलटा घरात येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय तुम्ही कुणाला सही करू दिली नाहीत. झोपण्याच्या खोल्यांजवळचे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म स्वतः दाबून पाहिलेत. ठेकेदार कंटाळला होता. तुम्ही कंटाळला नाहीत. परक्याच्या लेकरांच्या झोपेची एवढी काळजी कोण करतं, काका?

आमच्यासारख्या दीड मजली घरांच्या तिरक्या भिंतींत जागाच कमी असते, त्यामुळे आमचं सगळं दुखणं गेलं असं नाही, हे तुम्हीही सांगितलं होतंत. मोठा बर्फ पडला की रेक अजून काढावा लागतो. पण सीलिंगवरचा डाग रंगवल्यापासून पुन्हा उमटलेला नाही, आणि आमचं गॅसचं बिल कमी झालं आहे.

बाकीच्या सवयीही तुमच्याच. मेपलची पानं आधी गळतात, ओकची उशिरा, म्हणून पन्हळी साफ करायची घाई करायची नाही, पण पहिल्या गोठवणुकीआधी करायच्याच. उतरत्या पाइपाचं पाणी पायवाटेवर येऊ द्यायचं नाही, ते रात्रीत काच होतं. वसंतात जमिनीवरूनच दुर्बिणीने धुराड्याभोवतीचे पत्रे आणि पाइपांच्या रबरी गळपट्ट्या पाहायच्या. उन्हाळ्यात गारा पडून गेल्या की पन्हळीत शिंगल्सवरून झडलेली बारीक खडी किती जमली ते बघायचं.

आम्ही पैशाचा विषय काढला तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून तो पुन्हा काढत नाही. पण एक गोष्ट ठरवून टाकली आहे. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि काकूंनी आम्हाला सगळं सांगितलं आहे. यापुढे दोन्ही घरांच्या पन्हळी हे साफ करतील आणि तुमच्या छपरावरचा बर्फ आम्ही ओढू. तुमची शिडी परवाच आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली आहे. ती मागायला येऊ नका, मिळणार नाही. चहाला मात्र जरूर या.

काकूंना नमस्कार.

आपली,
समोरच्या घरातली शेजारीण