शिट्टी न वाजणाऱ्या कुकरच्या मालकिणीस

प्रिय समोरच्या आजी,

स. न. वि. वि.

नावाने हाक मार, असं तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगताय. तुमच्या या अमेरिकेतल्या आयोवात पाच वर्षांचं पोरही ऐंशीच्या बाईला खुशाल नावाने हाक मारतं. माझी जीभ काही वळत नाही, म्हणून तुम्ही माझ्या लेखी आजीच. आणि पत्र मराठीत, कारण इंग्रजीत ‘थँक यू’ म्हटलं की तुम्ही ‘यू बेट’ म्हणून मोकळ्या होता आणि विषय तिथेच मिटतो. या वेळी मला तो मिटू द्यायचा नाही. लेक तुम्हाला वाचून दाखवेल. बाकी कोणी मराठी वाचणारे वाचतील, तर त्यांनाही कळू दे.

त्यांच्यासाठी आधी थोडं. लेकीची शाळा मे महिन्यात संपली. इथे बारावी झाली की घर उघडं ठेवतात, दुपारभर माणसं येतात, खातात, मुलीच्या हातात पाकीट देतात, जातात. आमच्या यादीत चाळीस जण होते. मी म्हटलं, खिमा-पाव करते. लेक म्हणाली, “आई, प्लीज, सगळ्यांकडे असतो तसा स्लॉपी जो कर.” म्हणजे गाईच्या मांसाचा बारीक खिमा, कांदा, भोपळी मिरची, केचप, मोहरीची पेस्ट, ब्राऊन शुगर, वूस्टर सॉस, हे सगळं रसदार शिजवून बर्गरच्या बनमध्ये भरायचं. खाताना रस मनगटावरून ओघळतो. ‘स्लॉपी’, म्हणजे गबाळा, हे नाव पडलंय ते त्यामुळेच.

आता मी वसईची, ख्रिस्ती घरातली. बीफचा खिमा मला नवा नाही. रविवारी मिस्सा आटोपून आलं की आमच्या स्वयंपाकघरात कुकर चढायचाच. त्यामुळे मी मनात म्हटलं, यात शिकायचं काय? साखर घातलेला खिमा, दुसरं काय!

मार्चमधला तो शनिवार तुम्हाला आठवत असेलच. विजेचा नवा कुकर मी नुकताच आणला होता. खिमा, कांदा, केचप, साखर, सगळं एकदम घातलं, डावाने छान ढवळलं, झाकण लावलं आणि शिट्टीची वाट बघत बसले. शिट्टी कुठली यायला? या यंत्राला ती नाहीच. दहा-बारा मिनिटांनी पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं उमटली: बर्न. मला वाटलं, आग लागली. प्लग खेचला आणि चपला न घालता बर्फात बाहेर आले. तुम्ही पत्रपेटीपाशी उभ्या होतात. माझ्या पायांकडे बघितलंत, मग चेहऱ्याकडे, आणि विचारलंत, “बर्न आलं का?”

हसला नाहीत. मी तुमच्या जागी असते तर हसले असते, हे कबूल करते.

मग तुम्ही आत आलात, वाफ सोडलीत, झाकण काढलंत आणि भांड्याच्या तळाला चिकटलेला काळा थर मला दाखवलात. टोमॅटो आणि साखर तळाशी बसली की करपतात, तळ प्रमाणाबाहेर तापतो आणि यंत्र घाबरून थांबतं. एवढं साधं कारण. आपला गॅसवरचा कुकर बिचारा काही बोलत नाही, करपल्याचा वास आला की आपणच समजून घ्यायचं. तुम्ही डाव हातात घेतला नाहीत, हे मला फार आवडलं. खुर्ची ओढून बसलात आणि मला सांगत गेलात. आधी भांडं नुसतं तापव, खिमा कोरडा परत, लाली पूर्ण जाऊ दे, सुटलेली चरबी काढून टाक. मग कांदा-मिरची. मग अर्धा-पाऊण कप बीफचं पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढ, अगदी बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. शेवटी केचप, साखर, मोहरी वरून ओत. आणि ढवळायचं नाही.

ढवळायचं नाही! पंचवीस वर्षं डाव फिरवलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं कळणार? माझा हात दोनदा भांड्याकडे गेला आणि दोन्हीदा तुम्ही नुसत्या खाकरलात.

आठ मिनिटं दाब, दहा मिनिटं नुसतं ठेवायचं, मग उरलेली वाफ सोडायची. उघडल्यावर पाणीच पाणी. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, आता झाकण न लावता परत तापव आणि आता पाहिजे तेवढं ढवळ. पाच-सात मिनिटांत रस दाटला, डाव फिरवला की तळ क्षणभर दिसावा इतका. तेव्हा मी विचारलंच, की खिमा तव्यावर वीस मिनिटांत होतो, मग हे नाटक कशाला? तुम्ही म्हणालात, चाळीस वर्षं तुम्हीही बिडाच्या तव्यातच केला, हा कुकर मुलाने ख्रिसमसला दिला. पण दाबाखाली कांदा विरघळून रसात जातो, खिमा बनसारखाच मऊ होतो, आणि मुख्य म्हणजे शेगडीपाशी उभं राहावं लागत नाही. गुडघ्यांचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत. मला दिसलं.

त्याच दुपारी तुम्ही मला तुमच्या सू सिटीकडची गोष्ट सांगितलीत. तिथला मूळ प्रकार म्हणजे सुटा खिमा, त्यात टोमॅटोचा थेंब नाही. आयोवातल्याच मस्कटीन गावच्या एका खाटकाने 1926 साली त्याचं दुकान काढलं, ते मेड-राइट. आणि जो नावाच्या कुणा आचाऱ्याने सू सिटीत त्यात टोमॅटो सॉस घातला आणि हा स्लॉपी जो झाला, असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं जो जाणे. मग आवाज खाली आणून तुम्ही कबुली दिलीत, की 1969 मध्ये मॅनविचचा, म्हणजे स्लॉपी जोच्या तयार सॉसचा, डबा बाजारात आला तेव्हा पहिली काही वर्षं तुम्हीही डबाच फोडत होतात. हे मी इथे लिहिलं, माफ करा.

पण माझे खरे आभार पुढच्या गोष्टीचे आहेत. एप्रिलमध्ये मी तुम्हाला माझा सुधारलेला स्लॉपी जो खायला बोलावलं. वूस्टर सॉसच्या बाटलीवर घटकांत चिंच वाचली होती आणि मला कोण आनंद झाला होता! म्हटलं, म्हणजे हे आपलंच. मग थेट चिंचेचा कोळ घातला, दोन हिरव्या मिरच्या, वर आमचा बॉटल मसाला. तुम्ही एक घास घेतलात आणि म्हणालात, “दॅट्स डिफरंट.” मी खूश. दोन दिवसांनी लेकीने सांगितलं, की आयोवात याचा अर्थ ‘परत करू नकोस’ असा होतो. मी सरळ तुमच्याकडे आले आणि विचारलं. तुम्ही क्षणभर गप्प बसलात, मग म्हणालात, “छान आहे. मी तो पुन्हा खाईन. पण तो स्लॉपी जो नाही, आणि तुझ्या मुलीने तो मागितला आहे.”

इथे आल्यापासून माझ्या डब्यातलं सगळं सगळ्यांना ‘इंटरेस्टिंग’ लागतं. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.

आणि मग ती रिंग. पार्टीच्या आठवडाभर आधी तुम्ही विचारलंत, “तुझ्या पाहुण्यांत बीफ न खाणारे कोण?” आमच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसं. मी मसुराचा वेगळा करणार होते, त्यासाठी दुसरा कुकर तुमच्याकडून मागून घेतला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो आणून दिलात, भांडं लख्ख घासलेलं, आणि झाकणाची सिलिकॉनची रिंग नवी, पाकिटात बंद. जुन्या रिंगमध्ये मांसाचा वास मुरतो, कितीही धुतली तरी जात नाही, असं म्हणालात. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मंडळातल्या एका काकूंना मी ती रिंग मुद्दाम दाखवली. त्यांनी तीन बन खाल्ले.

साडेचार किलो खिमा तीन घाण्यांत केला. घाणा म्हटलं की तुम्हाला कळायचं नाही, तीन वेळा असं समजा. लोण्यावर बन शेकायला तुम्ही स्वतः उभ्या राहिलात, गुडघ्यांसकट, आणि दोन्ही भांड्यांपुढे पाट्या लावल्यात. बीफच्या पाटीवर तुम्ही माझं नाव लिहिलंत. रेसिपी तुमची, नाव माझं! मी पाटी काढायला गेले तर पुन्हा तेच खाकरणं.

कुकर सोबत पाठवते आहे. मसुराची रिंग वेगळ्या पिशवीत आहे, मिसळू नका. आणि डब्यात केळीच्या पानात बांधलेलं आहे ती आमच्या वसईची सुकेळी, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. भावाने पाठवली आहेत. नुसतीच खा, ओव्हनमध्ये घालू नका. आवडली नाहीत तर सरळ सांगा, ‘डिफरंट’ म्हणू नका.

तुमची,
समोरच्या घरातली