बाबा, तो चाकू कपाटातून बाहेर काढा

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

तो सेबेन्झा, म्हणजे तो मिटणारा खिशातला चाकू, अजून चामड्याच्या पाकिटात घालून, कपाटात चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवलाय, असं आई फोनवर म्हणाली. तेवढ्यासाठी हे पत्र. पावसाळ्यात आपल्या कोकणात चाकू ठेवायला याहून वाईट जागा सापडायची नाही. चामडं हवेतली ओल शोषून धरून ठेवतं, ते कमावताना वापरलेली रसायनं थोडीफार त्यात उरलेली असतात आणि बंद कपाटात वारा खेळत नाही. पातं सहजी न गंजणाऱ्या पोलादाचं आहे, तरी चार महिने ओल्या चामड्याला चिकटून राहिलं की त्यावरसुद्धा तपकिरी ठिपके उठतात. रोज खिशात फिरणारा आणि रोज पुसला जाणारा चाकू मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून तो वापरा. रोज वापरा.

किमतीचं दडपण आहे, हे मला कळतं. चारशे डॉलरच्या वर पैसे एका खिशातल्या चाकूला, हे आईला पटणार नाही. पण बाबा, तुम्ही टूलरूममध्ये आयुष्य काढलंत, तुम्हाला ते पैसे कुठे गेले हे हातात घेतल्यावर दिसेल. ज्यांनी हा सेबेन्झा घडवला ते ख्रिस रीव्ह मुळात दक्षिण आफ्रिकेतले टूल अँड डाय मेकर, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे घडवणारे कारागीर. १९८९ मध्ये ते अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसीला आले आणि कारखाना तिथेच वाढला. मुठीच्या दोन्ही पट्ट्या टायटॅनियमच्या आहेत, त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. खाऱ्या हवेचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. तुमच्याकडचा लहान आकाराचा आहे: पातं सुमारे ७६ मिलिमीटर, वजन ८५ ग्रॅमच्या आसपास.

आई, तुझी भीती वेगळी आहे. हा रामपुरी नाही. कळ दाबली की पातं उडून बाहेर येतं, असलं यात काही नाही. पातं हातानेच उघडावं लागतं आणि पूर्ण उघडलं की मुठीच्या एका पट्टीतच कापून काढलेली टायटॅनियमची जीभ आत सरकून पात्याच्या बुडामागे बसते. तोच खटका. ही रचना ख्रिस रीव्ह यांचीच, पुढे जगभरच्या चाकूवाल्यांनी उचलली. टायटॅनियम थेट पोलादावर घासलं की चिकटतं आणि खटका अडकून बसतो. म्हणून या नव्या मॉडेलमध्ये जिभेच्या टोकाला सिरॅमिकची बारीक गोळी बसवली आहे. पात्याला टेकते ती गोळी. चाकू मिटलेला असताना पातं आत धरून ठेवते तीही तीच गोळी.

आता उघडण्याचं. बाबा, तुम्ही म्हणालात की तो फार जड उघडतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा याचं कारण एकच असतं: उघडताना बोटं खटक्याच्या जिभेवर दाबलेली असतात. ती दाबली की गोळी पात्यावर जास्त जोराने बसते आणि मग अंगठा कितीही ढकला, पातं हलत नाही. क्लिपच्या (खिशाला अडकवायच्या चापाच्या) बाजूची बोटं जिभेवरून उचलून पट्टीच्या कडेवर घ्या आणि अंगठ्याने पात्यावरचा खुंटा सरळ वर न ढकलता थोडा बाहेरच्या बाजूला, तिरपा ढकला. आईची बोटं थंडीत आखडतात, तिने दोन्ही हात वापरावेत: डाव्या हातात मूठ, उजव्या हाताच्या चिमटीत खुंट्याजवळ पात्याची पाठ. मिटताना अंगठ्याने जीभ बाजूला करा, पातं थोडं खाली आणा, अंगठा पात्याच्या वाटेतून पूर्ण काढून घ्या आणि मगच बाकीचं मिटा. कापतं ते इथेच, घाईत. बाबा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कापलंच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा आणि रक्त थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा. जखमेत हळद भरू नका.

काय कापायचं? पार्सलची टेप, सुतळी, औषधांची पाकिटं, आंबे, पेरू, केळीची पानं, मोगऱ्याच्या कोवळ्या फांद्या. हे सगळं तो आनंदाने करतो. पात्याची दोन्ही अंगं आतल्या बाजूला खोलगट घासलेली आहेत, त्यामुळे धारेच्या मागे धातू अगदी पातळ आहे आणि म्हणूनच फळ असं लोण्यासारखं चिरलं जातं. पण याच पातळपणामुळे काही कामं वर्ज्य. सुपारी अडकित्त्यानेच कातरा. नारळाची वाटी करवंटीतून सोडवायला पातं घालून पिळू नका, डब्याचं झाकण टोकाने उचकू नका. कापायला लागणारा सरळ जोर पातं सहज घेतं, पिळ दिला की धारेचा तुकडा उडतो. आणि बाबा, कोय कलमाला हा घेऊ नका. कलमाच्या चाकूची धार एकाच अंगाने घासलेली असते, म्हणून काडीवर लांब, सपाट, तिरका काप एका ओढीत येतो. या पात्याने तो काप मधे खोलगट होतो, काडी आणि रोप एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि कलम धरत नाही. तुमचा जुना चाकूच त्या कामाला उत्तम.

आंबा, कोकम किंवा लिंबू कापल्यावर पातं लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा, जेवण होईपर्यंत ताटात ठेवू नका. फणसाचा चीक लागला तर खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा, मग साबण. आई, तारेचा चोथा नको. त्यातले लोखंडाचे कण पात्यावर रुतून राहतात, दुसऱ्या दिवशी तेच गंजतात आणि पातंच गंजलं असं वाटतं. चिंच आणि पितळ घासायची पावडरही नको. मुठीवर किल्ल्यांचे चकचकीत ओरखडे उठतील, ते खराब होणं नव्हे. बरेचसे साध्या खोडरबरने जातात.

वर्षातून एकदा, पाऊस सरला की, दसऱ्याच्या आधी त्याचे सगळे भाग सुटे करून तो साफ करायचा. या चाकूची खरी गंमत इथे आहे. बरेच कंपनीवाले चाकू घरी सुटा केला की हमी संपली म्हणतात. इथे मात्र सुटा करायच्या ॲलन की (षटकोनी किल्ल्या), ग्रीसची ट्यूब आणि स्क्रू धरून ठेवणारं थ्रेडलॉक डब्यात सोबत येतात. बाबा, हे काम तुमचं.

आधी धारेवर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या. टेबलावर पांढरं फडकं अंथरा, म्हणजे वॉशर घरंगळले तरी दिसतात. ॲलन की भोकात शेवटपर्यंत बसल्याशिवाय फिरवू नका. की अर्धवट बसली की स्क्रूच्या डोक्याचे कोपरे गोल होतात आणि मग तो स्क्रू काढायला दिवस जातो. घट्ट वाटला तर गरम हवेच्या ड्रायरने अर्धा मिनिट तापवा, थ्रेडलॉक सैल पडतं. एक पट्टी उचलली की आत पातं, त्याच्या दोन अंगांना फॉस्फर ब्राँझचे दोन वॉशर आणि मधे बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, दिसेल. बुशकडे नीट बघा. त्याची लांबी पातं आणि दोन वॉशर यांच्या एकत्र जाडीपेक्षा केसाएवढीच जास्त ठेवलेली आहे. त्यामुळे पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या आसाचा, स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब बुशवर येतो, पात्यावर येत नाही, आणि पातं मोकळं फिरतं. बाकी चाकूंत स्क्रू पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट करत बसावं लागतं. इथे तो फिट कारखान्यातच बसवलेला असतो. मायक्रोमीटर लावून बघायचा मोह तुम्हाला होईलच.

वॉशर, बुश आणि पट्ट्यांची आतली अंगं स्पिरिटने पुसा, आट्यांमधलं जुनं वाळलेलं थ्रेडलॉक लाकडी टूथपिकने खरवडा. प्रत्येक वॉशरवर मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस, बस. वॉशरला भोकं आहेत ती ग्रीस साठवायलाच. जास्त लावलं तर ते बाहेर येऊन धूळ आणि खिशातला कापूस गोळा करतं, शिवाय फळ कापताना पात्यावर उतरतं. इथे खोबरेल तेल चालणार नाही. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, पौष महिन्यात सकाळी चाकू उघडणार नाही आणि काही महिन्यांनी खवट, चिकट थर बसेल. सिरॅमिकची गोळी आणि ती टेकते ती पात्याची जागा कोरडी ठेवा.

जोडताना चूक होते ती वॉशरची. पट्टी तिरपी बसवली तर वॉशर बुशच्या कडेखाली चिमटतो, वाकतो आणि वाकलेला वॉशर पुन्हा सपाट होत नाही. पट्टी बोटांनी दाबून पूर्ण बसली का ते पाहा आणि मगच स्क्रू लावा. सगळे स्क्रू आधी हाताने दोन-दोन फेरे, मग पिव्हट, मग बाकीचे. पातं अडलं तर आवळत राहू नका, उघडा आणि वॉशर बघा. थ्रेडलॉक फक्त आट्यांच्या टोकाला, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं. बुशमध्ये उतरलं तर बुशच चिकटून बसतं. मग एक दिवस वापरू नका. नवं ग्रीस असल्यामुळे सुरुवातीला थोडं जड फिरेल, आठवड्याभरात मोकळं होईल.

दसऱ्याला पूजेत ठेवा, जरूर ठेवा. फक्त हळदकुंकू मुठीवर लावा, ओलं कुंकू पिव्हटच्या फटीत जाऊ देऊ नका आणि संध्याकाळी पुसून घ्या.

धारेबद्दल हात जोडून सांगते: सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे हा देऊ नका. विळी-कोयत्यासाठी तो माणूस उत्तम आहे. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं टोक क्षणात तापून निळं पडतं, पाणी उतरतं आणि तेवढा भाग मऊ होतो. दुसरं असं की या पोलादात, एस४५व्हीएनमध्ये, व्हॅनेडियमची कार्बाइडं आहेत. ती साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात, म्हणून दगड पोलाद खातो पण कार्बाइडांवर घसरतो. यासाठी हिऱ्याची पट्टी लागते. ६०० आणि १२०० ग्रिटच्या (आकडा मोठा तितके कण बारीक) दोन मी कुरियरने पाठवते आहे.

धारेच्या कडेला काळं मार्कर लावा, पट्टीवर पाणी घ्या आणि एका अंगाला सुमारे २० अंशांत, हलक्या हाताने ओढा. शाई कुठून जाते ते बघा. फक्त वरच्या बाजूने गेली तर पाठ थोडी उचला, धारेच्या अगदी कडेवरूनच गेली तर थोडी खाली घ्या. उलट अंगाला बोटाला लागेल अशी बारीक बर, म्हणजे धातूची दुमडलेली कड, उठली की बाजू बदला. जोर दिला की बर मोठी होते आणि धार दोन दिवसांत जाते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खडबडीत अंगावर, धार मागे ठेवून, दहा-बारा ओढी. वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून वरून खाली चिरला गेला की झालं. तुमच्या वापराला हे वर्षातून दोनदा पुरे, मधल्या काळात नुसता चामडी पट्टा.

कायद्याची काळजी नको. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, तीही घरकाम आणि शेतीची हत्यारं वगळून. हा त्याच्या जवळपासही नाही. तरी मुंबईला ताईकडे जाताना घरीच ठेवा, मॉलच्या नाहीतर मेट्रोच्या दाराशी काढून घेतील. विमानाने इकडे याल तेव्हा तो सामानात द्यायच्या बॅगेतच घाला, हातातल्या पिशवीत नाही.

चामड्याचं पाकीट मात्र फेकू नका. ॲलन की आणि ग्रीसची ट्यूब त्यात घालून शिलाई मशीनच्या खणात ठेवा.

तुमची,
सुमा