ओव्हरशॉटच्या ग्रॅपलचे तुटलेले दात, न जुळणारे प्रमाणपत्र आणि आपल्या सेवा विभागाचे उत्तर : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(तेलविहिरींसाठी फिशिंग टूल्सचे उत्पादक)
चाकण, जि. पुणे

विषय : आपण पुरवलेल्या ४ ११/१६ इंची ओव्हरशॉटमधील (विहिरीत तुटून राहिलेली नळी बाहेरून धरून वर ओढणारे टूल) बास्केट ग्रॅपल (नळीला धरणारा दातांचा भाग) कामात तुटल्याबाबत, परतावा व भरपाईबाबत आणि त्याच लॉटमधील इतर ग्रॅपलबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विक्री विभागाशी फोनवर आणि ईमेलवर बरेच बोलून झाले आहे. सेवा विभागाचे लेखी उत्तरही आले. त्या उत्तराने शंका मिटायच्या सोडून नव्या निर्माण झाल्या, म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे पाठवत आहे. खालची माणसे आपल्यापर्यंत सगळे पोहोचवतीलच अशी खात्री नसल्याने तपशील जरा सविस्तर देत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा.

आमचे वर्कशॉप भोसरीत आहे. तेलविहिरीत तुटून राहिलेली ट्युबिंग (तेल वर आणणारी नळी), सकर रॉड (पंप चालवणारे दांडे), अडकलेले पॅकर (नळीभोवतीची फट बंद करणारे साधन) बाहेर काढून देणे, म्हणजे फिशिंग, हा आमचा व्यवसाय. कामे बहुतेक गुजरातेत, मेहसाणा आणि अंकलेश्वर भागात. आजवर ओव्हरशॉट, स्पिअर (आतून धरणारे), जार (झटका देणारे) अशी टूल्स आम्ही एकतर भाड्याने आणत होतो, नाहीतर बाहेरदेशातून मागवत होतो. भाड्याचे टूल हवे तेव्हा मोकळे नसते, आणि बाहेरून मागवलेल्या टूलचा एखादा ग्रॅपल झिजला तर नवा येईपर्यंत काम थांबते. पुणे परिसरात इतके चांगले टर्नर, इतकी हीट ट्रीटमेंटची दुकाने, इतक्या तपासणी प्रयोगशाळा असताना हे टूल इथेच का बनू नये, हा विचार आमच्या मनात कित्येक वर्षे होता. आपले माहितीपत्रक हाती आले तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या कारखान्यात येऊन काम कशासाठी आहे, केसिंग (विहिरीचे पोलादी अस्तर) कोणती, फिश (विहिरीत राहिलेला, काढायचा भाग) कोणता, हे सर्व आम्ही समजावून सांगितले आणि खरेदी आदेशात लेखी दिले.

त्या आदेशातला मजकूर थोडक्यात असा होता : साडेपाच इंची, फुटाला १७ पौंडी केसिंगमध्ये चालेल असा ओव्हरशॉट. या केसिंगचा आतला व्यास ४.८९२ इंच आणि ड्रिफ्ट (टूल खात्रीने जाईल असा व्यास) ४.७६७ इंच, म्हणजे १२१ मिलिमीटर. टूलचा बाहेरचा व्यास ११९ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, हे त्यातूनच येते. फिश २ ७/८ इंची ईयूई (टोके बाहेरून जाड केलेल्या) ट्युबिंगचा. नळीचे अंग धरण्यासाठी बास्केट ग्रॅपल आणि कपलिंग (दोन नळ्या जोडणारा जाड भाग) धरण्यासाठी ३.६६८ इंचाचा स्पायरल ग्रॅपल. बास्केट ग्रॅपल दोन मापांचे मागितले होते, एक नेहमीचे आणि एक १/३२ इंच लहान. कारण एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) मानकानुसार या आकाराच्या नव्या ट्युबिंगचा व्यासच १/३२ इंचाने कमी-जास्त असू शकतो, आणि वर्षानुवर्षे विहिरीत राहिलेली नळी तर आणखी बारीक झालेली असते. वर आलेल्या नळीचे तोंड मायक्रोमीटरने मोजायचे आणि मग ग्रॅपल निवडायचा, ही या कामातली रोजची रीत आहे. आपण पाठवलेले दोन्ही ग्रॅपल आतून एकाच मापाचे निघाले. खोक्यावर मात्र मापे वेगवेगळी लिहिली होती. ती तक्रार तेव्हाच कळवली होती. बदली ग्रॅपल आजतागायत आलेला नाही. ते एक असो.

खरी तक्रार पुढची आहे.

मेहसाणा भागातल्या एका विहिरीत ट्युबिंग वर काढताना मधूनच तुटली. खालचा भाग वाळूत रुतलेला. इम्प्रेशन ब्लॉक खाली सोडून टेकवला, तेव्हा शिशावर तुटलेल्या तोंडाचा ठसा स्पष्ट उमटला : एका बाजूला फाटलेले, किंचित बाहेर फाकलेले. म्हणून बास्केट ग्रॅपलबरोबर मिल कंट्रोल पॅकर (तोंड घासून साफ करणारा भाग) लावून ते तोंड आधी साफ करून घेतले. नंतर टूल उजवीकडे सावकाश फिरवत खाली घातले. पकड बसली. वेट इंडिकेटरवर वजन वाढलेले दिसले, पंपाचा दाबही वाढला. फिश हातात आला होता. ताण हळूहळू वाढवत नेला आणि ओव्हरशॉटवरचा भार २० टनांच्या आसपास असताना पकड एकाएकी सुटली. स्ट्रिंग (टूल ज्यावर सोडतो ती नळ्यांची माळ) वर उसळली, ब्लॉक (रिगवरच्या कप्प्या) हिंदकळले. फ्लोअरवर आमची तीन माणसे उभी होती. कुणाला इजा झाली नाही, पण त्या क्षणानंतर ड्रिलरचा चेहरा मी पाहिला आहे, आणि आपल्या सेवा विभागाच्या उत्तरात या प्रसंगाचा एका शब्दानेही उल्लेख नाही याचे मला फार वाईट वाटते.

टूल वर आले तेव्हा ग्रॅपलचे दात अनेक ठिकाणी उडालेले होते आणि एका बाजूचा तुकडाच गायब होता. म्हणजे फिश तर राहिलाच, वर आपल्या टूलचे पोलादाचे तुकडे विहिरीत पडले. ते कुठे पडतात हे आपण जाणता. नळीचे अंग आणि केसिंग यांच्यात सुमारे २५ मिलिमीटर फट असते, पण कपलिंगपाशी ती १५ मिलिमीटरवर येते. असा तुकडा कपलिंगच्या वर अडकून बसला तर नळी ओढताना तो पाचरीसारखा ठोकला जातो आणि सुटणारा फिशही कायमचा अडकतो. म्हणून आम्ही आधी मॅग्नेट घालून वरचे तुकडे वेचले, मग स्थानिक पुरवठादाराकडून भाड्याने दुसरा ओव्हरशॉट आणला आणि त्याने फिश सोडवला. शेवटी तळ साफ करायला जंक बास्केट घालावे लागले. या सगळ्या काळात रिग आणि क्रू यांचे भाडे चालूच होते.

आता आपल्या उत्तराकडे येतो. त्यात दोन कारणे दिली आहेत. पहिले : "टूलवर क्षमतेपेक्षा जास्त ताण दिला गेला." विहिरीतली ट्युबिंग जे-५५ ग्रेडची, फुटाला ६.५ पौंड वजनाची. नव्या नळीची जॉइंट यील्ड स्ट्रेंग्थ (जोडासह नळी कायमची ताणली जाऊ लागते तो भार) ९९,६६० पौंड, म्हणजे सुमारे ४५ टन. ही नळी जुनी होती, म्हणूनच आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही गेलो नव्हतो. जार स्ट्रिंगमध्ये होता, पण तो उडवण्याची वेळच आली नाही. ताण देतानाच पकड सुटली. वेट रेकॉर्डरच्या आलेखाची प्रत आपल्याला आधीच पाठवली आहे. आपल्याच माहितीपत्रकात या ओव्हरशॉटची ओढ सहन करण्याची जी क्षमता छापली आहे ती या भाराच्या कितीतरी वर आहे. गंजलेल्या जुन्या नळीने जो भार पेलला, तो आपल्या नव्या ग्रॅपलला पेलवला नाही, हे कागदावर स्पष्ट दिसत असताना जास्त ताणाचे कारण कसे पुढे केले गेले?

दुसरे कारण वाचून तर आम्ही थक्क झालो. "क्रूने स्ट्रिंग डावीकडे फिरवल्यामुळे ग्रॅपल निसटला." महोदय, या प्रकारच्या ओव्हरशॉटच्या बाउलमधल्या (बाहेरचे कवच) सर्पिल खाचा डाव्या असतात त्या मुद्दाम. पकडताना उजवीकडे फिरवायचे, आणि सोडवतानाही आधी खाली एक दणका देऊन पाचर मोकळी करायची, मग उजवीकडे फिरवत हलकेच वर घ्यायचे. डावीकडे फिरवण्याची वेळ कधीच येऊ नये अशीच ही रचना आहे, कारण वरच्या कामाच्या स्ट्रिंगचे सगळे जोड उजव्या आट्यांचे असतात आणि डावीकडे फिरवले तर तेच सुटतील. आमच्या क्रूमधला नवखा रफनेकही (रिगवरचा कामगार) हे जाणतो. टूल बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागातून असे वाक्य लेखी येते, तेव्हा त्या विभागात हे टूल एकदा तरी उघडून पाहिलेला माणूस आहे का, असा प्रश्न पडतो. आणि आमच्या माणसांवर खोटा ठपका ठेवला गेला, हे मला मान्य नाही.

प्रत्यक्षात काय झाले, त्याचा पुरावा फिशनेच वर आणला. सोडवलेल्या नळीचे वरचे टोक आम्ही कापून भोसरीत जपून ठेवले आहे. त्यावर आपल्या ग्रॅपलच्या दातांचे ठसे आहेत. ओव्हरशॉटची सगळी खुबी अशी की ओढ वाढेल तसा बाउलचा उतार ग्रॅपलला आत दाबतो, आणि तो दाब पूर्ण घेरावर आणि पूर्ण लांबीवर सारखा वाटला जातो. ठसे सगळीकडे सारख्या खोलीचे यायला हवेत. इथे ते खालच्या थोड्याशा पट्ट्यातच खोल आहेत, वर जेमतेम ओरखडे. भाड्याच्या ओव्हरशॉटचे ठसे त्याच नळीवर थोडे खाली आहेत आणि ते एकसारखे आहेत. बाउलचा उतार आणि ग्रॅपलचा उतार एकमेकांना नीट बसत नाहीत, आणि मूठभर दातांवर सगळा भार आला, याहून वेगळा अर्थ मला तरी लावता येत नाही.

मूठभर दातांवर भार आला तरी चांगला दात वाकेल, झिजेल. तो काचेसारखा फुटणार नाही. म्हणून उरलेला ग्रॅपल आम्ही एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. आपल्या प्रमाणपत्रात लिहिले आहे की ग्रॅपल कार्ब्युराइझ केलेला (पृष्ठभागात कार्बन मुरवून वरून कडक केलेला) आहे, दातांची कठिणता ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल मोजमाप) आणि गाभ्याची ३२ ते ३६. वरून कडक आणि आतून चिवट, हेच या भागाचे मर्म. प्रयोगशाळेला गाभ्यातही कठिणता ५० एचआरसीच्या वर मिळाली. पोलाद आरपार कडक झालेले आहे. मग आम्ही प्रमाणपत्र पुन्हा काढून पाहिले. त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) आणि ग्रॅपलवर पंच केलेला हीट नंबर वेगळे आहेत. म्हणजे आम्हाला दिलेले प्रमाणपत्र या तुकड्याचे नव्हतेच.

माझ्या मते हाच सगळ्यात गंभीर भाग आहे. विहिरीत खाली गेलेले टूल कुणाला दिसत नाही. आम्ही वजनाच्या काट्यावर, दाबाच्या घड्याळावर आणि टूलबरोबर आलेल्या कागदावर विसंबून काम करतो. यातला कागद खोटा निघाला तर रिगवर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचे? आमच्याकडे येणारा प्रत्येक ग्रॅपल कापून तर पाहता येत नाही.

याच संदर्भात आणखी एक. विहिरीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची लांबी, व्यास, आट्यांचा प्रकार मोजून रेखाटन केल्याशिवाय ती खाली सोडायची नाही, हा फिशिंगचा पहिला नियम आहे. ती वस्तूच खाली अडकली तर ती कशाने धरायची हे त्या रेखाटनावरून ठरते. आम्ही आपल्याकडे मापांचा नकाशा मागितला, तेव्हा तो गोपनीय असल्याचे सांगण्यात आले. बाहेरची मापे आम्ही कॅलिपरने घेतली, आतली कशी घेणार? ग्रॅपलचा तुकडा पडल्यावर त्याची जाडी नेमकी किती, तो कुठल्या फटीतून जाईल, हे ठरवायला तोच नकाशा हवा होता. आपले डिझाइन चोरण्यात आम्हाला काडीचा रस नाही.

आमच्या मागण्या अशा. ओव्हरशॉट, तिन्ही ग्रॅपल आणि पॅकर यांची पूर्ण किंमत जीएसटीसह परत करावी; टूल आपण घेऊन जावे, मात्र प्रयोगशाळेचा नमुना आणि कापलेले टोक आमच्याकडे राहील. मॅग्नेट, जंक बास्केट, भाड्याचा ओव्हरशॉट आणि त्या काळातले रिगचे भाडे यांची बिले सोबत जोडली आहेत, त्यांची भरपाई द्यावी. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनाबरहुकूम माल देणे, आणि खरेदीचा हेतू आधी सांगितलेला असताना कलम १६ प्रमाणे त्या हेतूला योग्य माल देणे, या दोन्ही अटी इथे मोडल्या आहेत असे आमच्या वकिलांचे मत आहे. तरी प्रकरण न्यायालयात न जाता मिटावे अशीच आमची इच्छा आहे. क्रूवर ठेवलेला ठपका लेखी मागे घ्यावा. ते उत्तर ऑपरेटर (विहीर चालवणाऱ्या) कंपनीच्या फाइलमध्ये गेले आहे आणि पुढच्या कामांच्या वेळी ते आमच्या माणसांच्या आड येईल.

आणि पैशांच्याही आधी एक गोष्ट करावी. या ग्रॅपलवर पंच केलेल्या हीट नंबरचे, किंवा त्याच दिवशी त्याच भट्टीत गेलेले इतर ग्रॅपल आपण ज्यांना ज्यांना दिले असतील, त्यांना आजच कळवून ते वापरातून काढायला सांगावे. त्यातला एखादा कदाचित या घडीला एखाद्या विहिरीत लटकत असेल.

आपले डिझाइन आणि हीट ट्रीटमेंट पाहणारे अभियंते भोसरीला येऊन ठसे, तुटलेला ग्रॅपल आणि अहवाल पाहू शकतात. रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर वर्कशॉप उघडे असते. येण्याआधी फक्त एक फोन करावा. ग्राहकांना कळवल्याची माहिती आम्हाला तीन दिवसांत आणि उरलेल्या मागण्यांवर उत्तर हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, आपल्या सहीने मिळावे.

सोबत : खरेदी आदेश, बिल, आपले प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, वेट रेकॉर्डरचा आलेख, ठशांची छायाचित्रे आणि खर्चाची बिले यांच्या प्रती.

आपला,
(सही)
कार्यकारी भागीदार,
फिशिंग व वर्कओव्हर सेवा,
भोसरी, पुणे