साखर कमी होण्याचे भय

औसा,
कोजागिरी पौर्णिमा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

अष्टमीला मला काय झाले ते फोनवर तुला कोणी नीट सांगितले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नवरात्राचा उपवास होता. सकाळी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि वाटीभर भगरीवर दुपार काढली. चारच्या सुमारास दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि मी तुझ्या वडिलांशी असंबद्ध बोलू लागले. उपवासाने ग्लानी आली असेल असे समजून त्यांनी मला निजवले. शेजारच्या सूनबाईने तू आणलेल्या ग्लुकोमीटरवर पाहिले, तेव्हा रक्तातील साखरेचा आकडा 48 होता. साखर 70 च्या खाली जाणे हाच इशारा असतो. 54 च्या खाली मेंदूचे काम बिघडू लागते.

साखरपाणी पाजले, तरी पंधरा मिनिटांनी आकडा 53 च. त्याचे कारण दवाखान्यात कळले आणि ते तू पक्के लक्षात ठेव. माझ्या गोळीत ग्लिमेपिराइडबरोबर व्होग्लिबोजही आहे आणि ते आतड्यात साखरेचे विघटन मंदावते. म्हणून माझ्यासारखीला अशा वेळी साखर, गूळ किंवा पेढा न देता साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्यावी लागते आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचे नाही, 108 ला फोन करायचा. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि माझी मूत्रपिंडे आता मंदावल्यामुळे तिचा अंमल लांबतो, म्हणून मला रात्रभर सलाईनवर ठेवले होते.

बाळा, माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.4 टक्के आली तेव्हा तू किती आनंदलास! मलाही तो आकडा शाबासकीसारखा वाटला आणि पुढच्या वेळी तो आणखी खाली यावा म्हणून मी रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली. डॉक्टर म्हणाले, सत्तरी ओलांडलेल्या आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला 7.5 ते 8 चालेल, पण अशी घसरण चालणार नाही. अमेरिका आणि कॅनडातील 10,251 मधुमेहींच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासात हाच आकडा 6 च्या खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाले, म्हणून तो कडक उपचार फेब्रुवारी 2008 मध्ये थांबवावा लागला, असेही त्यांनी सांगितले. तुझा आग्रह मायेपोटीच होता हे मी जाणते. पण तुझ्या वयाच्या मधुमेह्याला शोभणारे उद्दिष्ट माझ्यावर लादू नकोस.

गोळी आता निम्मी झाली आहे. पुढच्या नवरात्रात उठता-बसता उपवास धरायचा की नाही, तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवीन. आई तुळजाभवानी समजून घेईल. रोज सकाळी फोनवर आकडा विचारतोस, त्याआधी मी जेवले का ते विचारीत जा. दिवाळीला येताना ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आण आणि डबीवरची मुदत पाहून घे.

तुझी,
आई